नकाराआधीची बशी

मी सव्वीस वर्षं एका राजाची नोकरी केली आणि रोज संध्याकाळी कांदिवलीला घरी येऊन भाकऱ्या थापल्या. राजा ओरुलाचा. नकाशात ओरुला शोधायचं असेल तर आधी चष्मा पुसून घ्या, कारण छपाईत शाईचे ठिपके पडलेत असं वाटतं ती तीन बेटं म्हणजेच ते राज्य. तिथे एक बंदर आहे, एक विमानतळ आहे, एक इस्पितळ आहे आणि एकशे चार नियमांची नियमावली आहे. माझी आई शेवटपर्यंत विचारायची, "गे, तुझो राजा पगार तरी येळार देता मां?" पगार राजा देत नव्हता, किरीटभाई देत होते. पण आईला किरीटभाईंपेक्षा राजा सांगायला बरा वाटायचा, म्हणून मीही कधी दुरुस्ती केली नाही.

किरीटभाईंचं अंधेरी पूर्वेला एका औद्योगिक वसाहतीत टाइल्स आणि बाथरूम फिटिंगचं शोरूम होतं. तळमजला आणि पहिला मजला शोरूमचा, दुसऱ्या मजल्यावर ओरुलाची कचेरी. लोकांना वकिलात म्हटलं की हिरवळ, कारंजं आणि बंदूकधारी पहारेकरी आठवतात. तशा असतात, पण त्या मोठ्या देशांच्या. लहान देशांना प्रत्येक शहरात आपला माणूस ठेवणं झेपत नाही. मग ते तिथल्याच एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थाला सांगतात, आमचं काम तुम्ही बघा. त्याला मानद वाणिज्यदूत म्हणतात. मानद म्हणजे बिनपगारी. त्याला मिळते एक पितळी पाटी, एक झेंडा आणि घरच्या लग्नपत्रिकेत नावाखाली छापायला एक पदवी. काम मात्र कोणीतरी बिनपदवीचं करतं. ते मी करायचे. व्हिसाचे अर्ज घ्यायचे, कागद तपासायचे, राजधानीला पाठवायचे, आलेलं उत्तर अर्जदाराला कळवायचं.

नियमावलीचे दोन भाग होते. पहिला, परदेशी वकिलातींनी ओरुलात कसं वागावं याचा. दुसरा, ओरुलाच्या कचेऱ्यांनी परदेशात कसं वागावं याचा. पहिल्या भागात होतं, कुठल्याही वकिलातीची इमारत राजवाड्याच्या स्वयंपाकघरापेक्षा उंच असू नये, राजदूताने कोंबडा पाळू नये, आणि शेजारी कोणी वारलं तर झेंडा अर्ध्यावर आणावा. यातले जे नियम आम्हाला लागू पडण्यासारखे होते ते आम्हीही पाळावेत असा एक वेगळा नियम होता. त्यामुळे आमच्या वसाहतीत कोणी गेलं की ओरुलाचा झेंडा अर्ध्यावर यायचा. गाळा नंबर सातमधले जुने वेल्डर गेले तेव्हाही आणला. त्यांच्या मुलाने खालून बघितलं, वर आला, हात जोडले आणि परत खाली गेला. तेव्हापासून वसाहतीत आम्हाला कोणी हसलं नाही.

राजाच्या तसबिरीचं प्रकरण मात्र चार महिने चाललं. नियम बावीस सांगतो, राजाच्या तसबिरीची नजर शौचकूपावर पडता कामा नये. आमच्या खाली शंभर-सव्वाशे कमोड मांडलेले. किरीटभाई हादरले. मी राजधानीला रीतसर पत्र लिहिलं की मधे एक स्लॅब आहे, पण वस्तुस्थिती अशी अशी आहे. चार महिन्यांनी उत्तर आलं, 'महाराजांची नजर समोर जाते, खाली जात नाही.' ते पत्र किरीटभाईंनी फ्रेम करून घेतलं.

आता नियम एक्केचाळीस. तो नीट सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. ओरुलात कोणाला उभ्या उभ्या 'नाही' म्हणत नाहीत. फार जुनी रीत आहे ती. नकार द्यायचा असेल तर आधी माणसाला बसवायचं, आपल्या घरचं काहीतरी खायला घालायचं, आणि मगच समोर बसून सांगायचं. कचेरीच्या उंबरठ्यावर एक पितळी पट्टी होती. तिच्या आत राजाचं घर, बाहेर भारत. आत आलेल्या माणसाने राजाच्या घरचा एक घास किंवा एक घोट घेतल्याशिवाय त्याला नकार देता येत नाही. पत्राने नाही, फोनने नाही, आणि वाणिज्यदूताशिवाय दुसऱ्या कोणी तर नाहीच. शिवाय नियम अठ्ठावन्न होता. अर्ज आल्यापासून तीस दिवसांत, तिसाव्या दिवशी झेंडा उतरेपर्यंत नकार सांगितला गेला नाही, तर परवानगी दिली असं धरायचं.

म्हणजे बघा, ज्यांचं काम व्हायचं त्यांना आम्ही पाणीसुद्धा विचारत नव्हतो. ठप्पा मारला, पासपोर्ट दिला, चला. ज्यांचं व्हायचं नव्हतं त्यांना पंख्याखालची गादीची खुर्ची आणि बशीत खोबऱ्याचा केक. कृती राजधानीहून आली होती, केक मी घरी करून आणायचे. चांगला व्हायचा. मुलुंडचा एक आचारी होता, तिथल्या हॉटेलात नोकरी ठरली होती त्याची, पण राजधानीने नाही म्हटलं होतं. त्याने तीन तुकडे खाल्ले आणि म्हणाला, "मॅडम, झकास! रेसिपी द्या ना." मी सांगत गेले, त्याने खिशातल्या कागदावर लिहून घेतली. मग किरीटभाई केबिनमधून बाहेर आले, समोर बसले आणि त्याला सांगितलं. त्याने तो कागद नीट घडी करून परत खिशात ठेवला. मला तेव्हा वाटायचं, किती सभ्य पद्धत आहे. इतर कचेऱ्यांत खिडकीतून पासपोर्ट फेकतात, आपण निदान खाऊ घालतो.

अशी एकोणीस वर्षं गेली आणि हिराबाई आल्या.

हिराबाई खारदांड्याच्या. मासळी विकायच्या. त्यांचा मुलगा नितीन एका मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत कामाला होता. जहाज ओरुलाच्या बंदरात शिरताना राजाच्या राखीव प्रवाळाला घासलं. राजाचं प्रवाळ म्हणजे साधी गोष्ट नाही, त्याच्यावर नियमावलीत सहा पानं आहेत. जहाज अडकवलं, चौकशी सुरू झाली आणि संपेपर्यंत खलाशांनी देश सोडायचा नाही असा हुकूम निघाला. सात महिने झाले होते. पहिले काही महिने नितीन फोन करायचा. मग कमी बोलायला लागला, मग बोलेनासा झाला. शेवटी जहाजाच्या कप्तानाचाच फोन आला की मुलगा जेवत नाही, कोणाशी बोलत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असतो. इस्पितळात ठेवलाय. घरचं कोणी आलं तर काही होईल, नाहीतर डॉक्टर खात्री देत नाहीत.

घरचं म्हणजे हिराबाई एकट्याच. नवरा केव्हाच वारलेला. दांड्यातल्या लोकांनी तिकिटाचं बघितलं होतं, राहिला होता फक्त व्हिसा. त्यांनी माझ्या टेबलावर पासपोर्ट ठेवला. कोरा करकरीत. "बाय," त्या म्हणाल्या, "मना तिथं जाऊन काय बी बघाचं नाय. पोऱ्याला जेवाला घालाचं आन् घेऊन येवाचं. येवढाच काम हाय."

अर्ज मी राजधानीला पाठवला. नवव्या दिवशी उत्तर आलं. चौकशीखाली असलेल्यांच्या नातेवाइकांना चौकशी संपेपर्यंत प्रवेश नाही, सबब नकार कळवावा. चौकशी केव्हा संपेल म्हणून मी उलट विचारलं. वर्षभर लागेल, असं आलं.

मी हिराबाईंना फोन करून बोलावलं. कशाला ते सांगितलं नाही, तसं सांगायचं नसतंच. त्या आल्या, मी त्यांना गादीच्या खुर्चीत बसवलं आणि बशी पुढे केली. नेहमीसारखीच केली. एकोणीस वर्षांची सवय होती.

त्यांनी बशीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आज सोमवार नाय का?"

मी केबिनमध्ये जाऊन सांगितलं, "साहेब, त्यांचा उपवास आहे."

किरीटभाई स्वतः चौमासात उपवास करणारे. ते म्हणाले, "अरे, मग उपवासाचं मागवा ना! साबुदाणा चालतो तुमच्यात." मी खालून साबुदाण्याची खिचडी मागवली. हिराबाई म्हणाल्या, त्या फराळ करत नाहीत, दिवे लागल्यावर एकदाच जेवतात. नारळपाणी? नको. चहा? नको. त्यांच्या पिशवीत पाण्याची बाटली होती, तिच्यातलं दोन घोट पाणी प्यायल्या. ते त्यांचं पाणी, राजाच्या घरचं नव्हे. मी त्यांना गुरुवारी यायला सांगितलं.

गुरुवार मीच सुचवला होता. मी विचार केला, दांड्यात गुरुवारी कोण कशाला उपवास करतंय. हेही लिहून ठेवते, कारण पुढे मी स्वतःबद्दल थोडं बरं लिहिणार आहे.

गुरुवारी केक ताजा होता. हिराबाईंनी परत मान हलवली. "कालपासून नवसच बोलले मी. पोऱ्या घरी येयपर्यंत दिवसाउजेडी अन्न नाय, लोकांच्या घरचा पानी बी नाय. दिवे लागले का जेवन."

किरीटभाईंनी मला आत बोलावलं आणि दार लावलं. "सावंतबेन, हे काय चाललंय? तुम्ही शिकवलं काय त्यांना?"

मी म्हटलं, "साहेब, मी कशाला शिकवू? नवस त्यांचा आहे."

"मग संध्याकाळी थांबू आपण. दिवे लागू देत, खाऊ दे त्यांना, मग सांगू."

मी नियमावली उघडून नियम नऊ दाखवला. झेंडा सूर्यास्ताआधी उतरलाच पाहिजे, आणि झेंडा उतरल्यावर कचेरीत कुठलंही काम करता येत नाही. म्हणजे हिराबाई जेवू शकत तेव्हा आमचं राज्य बंद, आणि आमचं राज्य चालू तेव्हा हिराबाई उपाशी. किरीटभाईंनी ते पान दोनदा वाचलं. मग म्हणाले, "राजधानीला लिहा."

मी लिहिलं. सगळं खरं लिहिलं. राजधानीचं उत्तर आठवड्याने आलं, 'उपाशी माणसाला नकार देणे महाराजांना शोभणार नाही. अर्जदार जेवेपर्यंत थांबावे.' तीस दिवसांचं काय करायचं, त्याबद्दल पत्रात अवाक्षर नव्हतं.

मग ते दिवस मोजण्याचे आठवडे सुरू झाले. हिराबाई एक दिवसाआड यायच्या. पहाटे बंदरावरून माल उचलायचा, दुपारपर्यंत विकायचा, मग अंधेरी. मे महिना होता. त्या काहीच मागायच्या नाहीत, नुसत्या येऊन बसायच्या आणि विचारायच्या, "काय उत्तर?" मी म्हणायचे, "अजून नाही." हे खोटं होतं. उत्तर माझ्याच कपाटात होतं. नितीनची खबर मात्र त्या मला सांगायच्या, सलाइन लावलं, सलाइन काढलं, परत लावलं. मला राग यायचा आणि तो कोणावर काढायचा तेच कळत नव्हतं. राजावर काढावा तर राजा तसबिरीतून समोर बघत असायचा.

तिसाव्या दिवशी सकाळी राजधानीहून किरीटभाईंना थेट फोन आला. प्रधानांच्या कचेरीतून. आज काही करून त्या बाईंना काहीतरी खाऊ घाला, नाहीतर पाटीचा विचार करावा लागेल. किरीटभाई बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. माणूस वाईट नव्हता. पण ती पितळी पाटी ते रोज सकाळी स्वतःच्या रुमालाने पुसायचे, ते मी सव्वीस वर्षं बघितलंय.

दुपारी तीनच्या सुमारास हिराबाई आल्या. दोन जिने चढून आल्या, कारण लिफ्ट बंद होती. खुर्चीत बसल्या, "काय उत्तर" म्हणायला तोंड उघडलं आणि मान एका बाजूला कलली.

मी धावले. हात गार, कपाळाला घाम. गाल थोपटले तर नुसतं "अं" म्हणाल्या. पंधरा-वीस दिवस एकवेळ जेवून उन्हात मासळीच्या पाट्या वाहणाऱ्या बाईचं दुसरं काय होणार! मी आत जाऊन ग्लासात लिंबू पिळलं, चार चमचे साखर घातली, चिमूटभर मीठ टाकलं आणि बाहेर आले. ग्लास त्यांच्या ओठापाशी नेला आणि थांबले.

एक घास किंवा एक घोट. केबिनचं दार उघडं होतं. किरीटभाई दारात उभे होते.

त्या वेळी माझ्या डोक्यात दोनच गोष्टी होत्या. पाजलं नाही तर ही बाई इथे जाईल. पाजलं तर हिचा मुलगा तिथे जाईल. मी ग्लास टेबलावर ठेवला, खुर्चीची पाठ धरली आणि खुर्ची दाराकडे ओढायला लागले. जाड शिसवी खुर्ची, वर हिराबाई. एक वीत सरकली आणि अडकली. मी परत जोर लावला, कंबरेत कळ आली.

तेवढ्यात खुर्ची पुढून उचलली गेली. किरीटभाई होते. पासष्ट वर्षांचा माणूस, मधुमेही, शोरूममध्ये स्वतःच्या हाताने नळसुद्धा उचलून दाखवायचा नाही. आम्ही दोघांनी ती खुर्ची हिराबाईंसकट पितळी पट्टीवरून पलीकडे नेली आणि बंद लिफ्टसमोर ठेवली. किरीटभाई धापा टाकत म्हणाले, "इथे भारत आहे ना?"

मी म्हटलं, "हो."

"मग पाजा." आणि ते आत जाऊन खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

मी पाजलं. दिवसाउजेडी पाजलं. देवाला तिथल्या तिथे सांगून टाकलं की नवस मी मोडतेय, बाई शुद्धीवर नाही, लावायचं ते पाप मला लाव. अर्धा ग्लास गेल्यावर हिराबाईंनी डोळे उघडले, आजूबाजूला बघितलं. "भायेर कनाला आनला मना?"

"आत उकडत होतं," मी म्हटलं.

त्यांना तिथेच जिन्यात तासभर बसवलं आणि मग घरी पाठवलं. साडेसहाला किरीटभाईंनी झेंडा उतरवला. रोज शिपाई उतरवायचा, त्या दिवशी त्यांनी उतरवला, घडी घातली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हिराबाईंच्या पासपोर्टावर ठप्पा मारला. मी राजधानीला कळवलं, 'अर्जदाराने कचेरीत काहीही ग्रहण केले नाही.' अक्षर अन् अक्षर खरं होतं. तिकडून एका ओळीचं उत्तर आलं, 'नियमावलीचे पालन झाल्याची नोंद घेतली आहे.' पाटी राहिली.

हिराबाई गेल्या आणि पाच आठवड्यांनी परत आल्या. सोबत नितीन. चौकशी अजून चालू होती, पण डॉक्टरांनी लिहून दिलं की हा आईबरोबर घरी गेला तरच बरा होईल, आणि ते तिथल्या लोकांनी मानलं. नितीन खूप वाळला होता, पण स्वतःच्या पायांनी जिना चढला. हिराबाईंनी माझ्या टेबलावर पिशवी ठेवली. दोन ताज्या सुरमया. "म्हाईत हाय, मना बघून पयला काय बोलला? दोन महिने तोंड उघडला नव्हता. बोलला, आये, तू किती बारीक झालीस." मग रडायला लागल्या. मीही रडले. किरीटभाई केबिनमध्ये जाऊन फोनवर कोणाशी तरी टाइल्सबद्दल मोठ्याने बोलायला लागले.

डोळे पुसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "बाय, येक सांग. त्या दिवशी मना खुर्चीसकट भायेर कनाला नेला? खरा सांग."

मला सांगायचंच होतं. खरं तर कोणी विचारावं म्हणून मी पाच आठवडे वाट बघत होते. मी नियम एक्केचाळीस सांगितला, अठ्ठावन्न सांगितला, बशी म्हणजे काय ते सांगितलं, पट्टी दाखवली. आत एक घोट घेतला असता तर काय झालं असतं तेही सांगितलं. मी जरा रंगवूनच सांगत होते. नितीन हसला. हिराबाई हसल्या नाहीत.

"म्हंजे पयल्या सोमवारी तू बशी घेऊन आलीस," त्या हळू म्हणाल्या, "तवा तुला म्हाईत होता?"

"हो."

"आन् सोमवार नसता तं मी खाल्ला असता."

"हो."

"मंग?"

"मग साहेबांनी तुम्हाला नाही सांगितलं असतं, आणि मी वहीत तशी नोंद केली असती."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना राग आला नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांनी नितीनचा दंड धरला, उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळून विचारलं, "मंग बाकीच्यांना कोन सांगते, खाव नका म्हनून?"

त्या गेल्या. सुरमया टेबलावर होत्या, त्या मी घरी नेल्या.

त्यानंतर निवृत्तीला सात वर्षं होती. सात वर्षं मी केक केला, बशी नेली, पंख्याखाली बसवलं. एखादा माणूस घास तोंडाशी नेताना थांबायचा आणि माझ्याकडे बघून विचारायचा, "तुम्ही नाही घेणार?" मी म्हणायचे, "तुम्ही घ्या ना, घरचाच आहे." मी कोणालाच सांगितलं नाही.